हसरी मेरी

रोमच्या छापखान्यात बेनेदेत्तानं मेरीमातेचं छापील चित्र उचललं आणि मालकापुढे धरलं.

मूळ चित्र चर्चच्या आगीत जळालं होतं. त्यातल्या मेरीसाठी बेनेदेत्ताची लेक चित्रकारासमोर बसली होती. आता लेकही नव्हती. तिचं रूप तेवढं इथल्या छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं होतं.

“पत्रा झिजला, मावशी,” मालक म्हणाला. “चेहरा नव्यानं कोरला. रडकी मेरी कोण घेतंय?”

“मांडीवर मेलेला मुलगा, आणि तिला हसवलंस? किळस नाही आली तुला?”

“खपतंय की.”

तापात लेकीच्या हातावर ठेवायची, तसा तिनं चित्रातल्या हातांवर हात ठेवला. “हे?”

“ते जुनेच. हातांकडे कोण बघतं?”

“मग कात्री दे. हात तेवढे नेते. तोंड राहू दे तुझ्या गिऱ्हाइकांना.”