दुधाचा रंग

अठ्ठ्याण्णव साली माझी वेदिका जन्मली, तेव्हापासून सासूबाईंनी एकच धोशा लावला होता, "पोरगी काळी हाय. दूध पाज, उजळंल." घरी म्हैस होती. दोन वर्षांची पोर दिवसाला दीड लिटर दूध प्यायची, भाकरीचा तुकडा मात्र थुंकून टाकायची. आणि खरंच उजळली. सिन्नरच्या आमच्या गल्लीतल्या बाया तिचा गालगुच्चा घेऊन विचारायच्या, "काय लावतेस गं हिला?" मी फुलून जायचे.

मग तिनं खेळणं सोडलं आणि ती भिंतीची माती चाटायला लागली. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि ते माझ्यावर ओरडलेच, "अहो, ही गोरी नाही झाली, पांढरी पडलीय! नुसत्या दुधानं पोट भरलं तर अंगात रक्त कुठून येणार? दोन कप पुरे होते हिला."

रक्ताची बाटली चढत होती. सासूबाई तिचा पांढराफटक तळहात पुन्हा पुन्हा उलटून बघत होत्या आणि पुटपुटत होत्या,


"देवा, व्हती तशी काळी कर रं माझ्या बाईला."