मातृत्वावरची गंभीर चर्चा

सुनेच्या पीएचडीची तोंडी परीक्षा चालू होती. विषय होता एका कृष्णवर्णीय लेखिकेच्या आत्मचरित्रातलं मातृत्व. मी मागच्या बाकावर बसले होते. मांडीवर पाच महिन्यांचा नातू आणि पिशवीत परीक्षकांसाठी पेढे.

चष्मा पुसत परीक्षक म्हणाले, “ही आई पोर आजीकडे टाकून परगावी कामाला जाते. आई म्हणून ती कमीच पडली, नाही का?”

सून तोंड उघडणार तोच नातवाने भोंगा सुरू केला.

“अहो बाई, त्याला बाहेर न्या!” परीक्षक वैतागले. “इथे मातृत्वावर गंभीर चर्चा चालू आहे.”

सुनेचा चेहरा पडला. पाच वर्षांच्या मेहनतीचा निकाल तिकडे, भुकेलं पोर इकडे. क्षणभर घुटमळली, मग सरळ येऊन तिने बाळ उचललं.

“आई, मी याला पाजून येते. तोवर माझ्या खुर्चीत तुम्ही बसा. मराठीतून दोनदा वाचलंय की तुम्ही ते पुस्तक!”

मी पदर खोचून खुर्चीत बसले. पेढ्यांची पिशवी मात्र माझ्याच मांडीवर ठेवली.

“विचारा सर,” मी म्हटलं, “त्या पोराची आजी मीच.”