बाबांची पोचपावती

“बाई, पोचपावती म्हणजे नाडी नव्हे,” पोस्टातल्या कारकुनानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं.

तिच्या लेखी ती बाबांची नाडीच होती. बाबा आठ तासांच्या प्रवासावर, माहेरच्या घरात एकटे. फोन उचलायचा म्हणजे त्यांना शिक्षाच. पिल्लू झाली तेव्हा ते म्हणाले होते, “येऊन राहतो तुझ्याजवळ.”

“मला जमतं सगळं, बाबा. उगाच माझ्या मागे मागे करू नका,” ती फटकन बोलून गेली. आणि तेव्हापासून तीच त्यांच्या काळजीनं अर्धी झाली.

म्हणून दर सोमवारी रजिस्टर्ड पत्र. नियम स्पष्ट होता: ज्याच्या नावाचं पत्र, त्याचीच सही. दहा-बारा दिवसांनी पोचपावती परत यायची. तिच्यावर बाबांची वळणदार सही दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

सहीशेजारी कधी चार शब्दही असायचे. ‘पिल्लूला टोपी घाल.’ ‘स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसव.’ आणि नेमकी त्याच सुमारास पिल्लू त्या खिडकीच्या कट्ट्यावर चढलेली!

“बापाचं मन बघा,” ती कारकुनाला म्हणाली. “इतक्या लांबून कळतं.”

“पावतीवर मजकूर लिहिणं नियमात बसत नाही,” कारकून म्हणाला आणि शिक्के मारत राहिला.

मग एका आठवड्यात पावती आलीच नाही. पत्र टाकून चौदा दिवस झाले. पंधराव्या दिवशी दुपारी ती पिल्लूला कडेवर घेऊन, दुसऱ्या खांद्यावर प्रवासाची पिशवी अडकवून काउंटरवर धडकली.

“अहो, माझ्या पत्राचं काय झालं?”

कारकुनानं वहीत बघितलं. “या पत्राची तक्रार आधीच आलीये. गेले तीन दिवस रोज अकराला येऊन भांडून जातात, नेमकं पत्र पोस्टमनच्या पिशवीत असताना.”

“कोण?”

“ते सांगता येत नाही.”

“पत्र बाबांच्या हातात पडलं का, तेवढं तरी सांगा!”

“नाही पडलं. पोस्टमन तीनदा गेला. दार बंद.”

“दार बंद? अहो, सत्तरीचा माणूस आहे, एकटा. पडले असतील, उठता येत नसेल… मी निघाले. चारची बस आहे.”

“बसनं जाऊ नका,” कारकून घाईनं म्हणाला.

“का?”

“दमाल.”

“माझे वडील तिकडे पडलेत आणि तुम्ही माझी दमणूक काढताय?”

पिल्लूनं हात लांबवून काउंटरवरचा डिंक पालथा केला. कारकुनानं तो शांतपणे फडक्यानं टिपला.

“हे बघा. पत्ता सांगायला मला मनाई आहे. लेखी मनाई.”

“पत्ता कशाला सांगताय? मीच लिहिलाय तो! जन्म गेलाय माझा त्या घरात.”

“पण पाठवणाऱ्याला आपलं पत्र परत मागता येतं. हा नियम आहे.” त्यानं एक छापील कागद पुढे सरकवला. “अर्ज करा.”

“मला पत्र नकोय हो. बाबा हवेत!”

“करा तर अर्ज. माझं ऐका.”

तिनं सही केली. कारकून आत गेला आणि पाकीट घेऊन आला. एका कोपऱ्यात पोस्टमनचे तीन शेरे होते, एकाखाली एक: अकरा वाजता गेलो, दार बंद.

मधोमध तिनं लिहिलेला माहेरचा पत्ता लाल शाईनं खोडलेला होता. त्याखाली, पत्ता बदलल्याचा वर्षभरापूर्वीचा अर्ज पाहून, कुणीतरी नवा पत्ता लिहिला होता. गल्ली तिचीच. इमारत तिच्या स्वयंपाकघराच्या मागची. मजला तिसरा.

तुमचंही कुणी लांब, एकटं राहत असेल आणि फोन उचलत नसेल, तर बस पकडण्याआधी जरा मागच्या इमारतीत बघून येता का?