श्रीमंतांचा रोग

महिनाभर न भरणारी पायाची जखम दाखवायला वाडीची आशा कार्यकर्ती सुगंधा हिलम सासूला घेऊन दवाखान्यात आली. सासू दोन वर्षांत जाड झाली होती आणि हल्ली सारखं पाणी पीत होती.

"साहेब, आयची साखर तपासा."

डॉक्टर हसला. "कातकरवाडीत कसली साखर? तो श्रीमंतांचा रोग. पाय धूत जा म्हणावं."

सुगंधाने पिशवीतलं यंत्र काढून त्याच्याच टेबलावर सासूच्या बोटाला सुई टोचली. आकडा चारशे बारा आला.

डॉक्टरने सासूच्या पोटाकडे पाहिलं. "एवढं खायला मिळतं कुठून?"

"नागलीचा माळ धरणात गेला," सासू म्हणाली. "आता तिन्ही वेळा रेशनचा भात."

त्याने नुसती पट्टी बांधून घरी पाठवलं. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

दिवाळीनंतर त्याच डॉक्टरने वाडीवर मधुमेहाचं शिबिर भरवलं. फोटोवाला बोलावला आणि "ह्या आमच्या आजी" म्हणत हार घेऊन पुढे आला.

सासूने मान वाकवली नाही. खुर्चीत बसून तिने तो पाय त्याच्या टेबलावर ठेवला.

"फोटो याचा काढ," ती म्हणाली. "आणि खाली तुझं नाव लिही."