कपाचं तोंड

चित्रकलेच्या सरांनी रोजच्या वापरातली एकच वस्तू वेगवेगळ्या जागांवरून काढून आणायला सांगितली होती. मी स्टुलावरचा कप जमिनीवर पालथी पडून काढला.

"इतक्या खालून कपाचं तोंड दिसेलच कसं?" सर म्हणाले. "हा तू उभ्यानं काढलायस. उगाच थापा मारू नकोस."

घरी येऊन मी पुन्हा तशीच पालथी पडले. कपाची नुसती कड दिसत होती. मी तिथं एक सरळ रेघ ओढली.

आई डोकावली. कागद बघून हसली.

"कपाचं तोंड छान गोल आलंय. आणि शेजारी ही पालथी पडलेली तूच ना गं? वरून दिसणारा भांगही अगदी तुझाच, वाकडा."

मी तर नुसती सरळ रेघ ओढली होती. छताकडे बघायला मी मान वर केली नाही.