अकरा नंबरचा दिवा

हर्णैसमोरच्या समुद्रात तरंगणारा अकरा नंबरचा बोया पुन्हा वेडेपणा करत होता. पाण्यावर तेलाचा तवंग आला की बोयाने दिवा लावायचा आणि कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने ते तेल इतकं बारीक फोडायचं की पाण्यात विरून जावं. तीन वर्षांत सगळा किनारा स्वच्छ झाला होता. पण अकरा नंबरचा दिवा आसपास एकही जहाज नसताना लागायचा.

इंजिनियर शाल्मली गोठोस्कर जगन्नाथ तांडेलांच्या होडीतून दुरुस्तीला निघाली होती.

“महिन्यात एकोणीस खोटे इशारे! आज याची नजरच मंद करते,” ती वैतागून म्हणाली.

“नका करू, ताई.” तांडेलांनी इंजिन बंद केलं. “खाली तारली मासळी जमली की तिच्या अंगाचं तेल वर येतं. आमचा बाप तो तवंग बघून जाळं टाकायचा. तुमचे बोये आले आणि पाणी कोरं झालं. दोन वर्षं आम्ही आंधळ्यासारखे हिंडलो. आता दिवा बघतो.”

“आणि बांगडा असला तर?”

“त्याचा दिवा लगेच विझतो. तारली फार तेलकट, तिचा जळतच राहतो.”

तेवढ्यात दिवा लागला. शाल्मलीने हातातला पेचकस खाली ठेवला आणि घड्याळाकडे बघत सेकंद मोजायला सुरुवात केली. साठ झाले, सत्तर झाले, दिवा जळतच होता.

“तांडेल,” ती हळूच म्हणाली, “जाळं टाका.”