कोपऱ्यातल्या घरचा आकडा

संध्याकाळचे दिवे लागले तरी कानोसा गप्पच होता.

वीज कचेरीतल्या पडद्यावर गल्लीतली सगळी घरं हिरव्या ठिपक्यांसारखी दिसत होती. तांबडा एकही नाही. मोठ्या साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला.

"काय मॅडम, तुमच्या कानोशाला कमी ऐकू येतं वाटतं?"

तिने पडदा पुन्हा एकदा ताजा केला. कानोसा तिने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून बनवला होता. खांबावरच्या पेटीत बसून तो घराकडे गेलेली वीज आणि घरच्या मीटरने मोजलेली वीज यांचा मेळ घालायचा. कुणी मीटरला वळसा घालून वीज चोरली की त्या घराचा ठिपका कचेरीत तांबडा व्हायचा. त्यासाठी वेगळी तार लागत नव्हती, निरोप विजेच्याच तारेतून यायचा. शहरभर पेट्या बसवून झाल्या होत्या, पण चाचणीच्या या गल्लीबाहेरच्या सगळ्या बंद होत्या. चाचणी जमली तर त्या चालू होणार होत्या. नाही जमली तर सगळ्या उतरवून भावाच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात, मोडक्या पंख्यांशेजारी.

चाचणी साधी होती. साहेब कुठल्याही एका घरी मुद्दाम आकडा टाकायला लावणार आणि कानोशाने ते घर ओळखायचं. लाईनमन सगळे बिघाडावर गेले होते, म्हणून साहेबांनी सकाळी मीटरचं रीडिंग घेणाऱ्या काकांना पिटाळलं होतं. काका सांगितलं तेवढं करणारे. उलट प्रश्न विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. "काका, आकडा टाकला ना नक्की?"

"टाकला की साहेब. कोपऱ्यातल्या शिंपीणबाईंच्या घरी. तुम्ही म्हणालात तसं, कुणाला काही बोललो नाही."

"फार लवकर परत आलात म्हणून विचारलं."

"एका घरचा आकडा टाकायला कितीसा वेळ लागतो? चष्मा विसरलो नसतो तर आणखी आधी आलो असतो."

साहेब तिच्याकडे वळले. "ऐकलंत? काकांना चष्म्याशिवाय समोरचा माणूस ओळखू येत नाही, तरी त्यांचं काम झालं. तुमचं राहिलं." मग जरा नरमले. "उद्या दुपारपर्यंत वेळ देतो. आकडा आहे तसाच राहू दे. पण गल्लीत पाऊल टाकायचं नाही. तिथे जाऊन खुडबुड केलीत तर चाचणी रद्द."

"नाही जाणार," ती म्हणाली. "पण उद्या कानोसा बोलेल."

सकाळी ती दुकानात गेली. भावाने खांबावरच्या पेटीसारखीच कानोशाची दुसरी पेटी उघडून टेबलावर मांडली होती. त्याने एकेक जोड तपासला, झाकण लावलं आणि हात पुसले.

"यात काही खोट नाही, ताई."

"मग तो गप्प का?"

"कुणी चोरी करत नसेल म्हणून."

"बाळ्या, काकांनी आकडा टाकलाय."

"तू बघितलास?"

"काका खोटं बोलतील? त्या माणसाला रजा मागायला साधी थाप मारता येत नाही."

"मग दोघांतला एक कुणीतरी खोटा. आणि कानोसा मी माझ्या हाताने जोडलाय."

"म्हणजे तुझ्या हाताची लाज राखायला मी काकांवर आळ घेऊ?"

बाळ्या हसला. "लहानपणी तू मला पाळण्यात चिमटा काढायचीस. मी रडलो की आईला सांगायचीस, बघ, मी म्हटलं नव्हतं का, तो रडतोय."

"तू रडायचास ना पण?"

"रडणारच. चिमटा खरा होता."

ती कचेरीत आली आणि थेट पडद्यासमोर बसली. कानोशाला तिने एक सूट दिलेली होती. तारा जुन्या, जोड गंजलेले. थोडी वीज वाटेतच जिरते, तेवढ्या तफावतीला त्याने चोरी म्हणायचं नाही. ही सूटच फार झाली असणार. ढील दिली की यंत्रही सुस्तावतं.

तिने सूट कमी केली. ठिपके हिरवेच.

आणखी कमी केली. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. घड्याळाकडे त्यांनी बघितलं, ते तिने पाहिलं नाही असं दाखवलं.

शिंपीणबाईंचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. तिथवर जाणारी तार सगळ्यांत लांब, सगळ्यांत जुनी. तिने सूट जवळजवळ काढूनच घेतली.

कोपऱ्यातला ठिपका तांबडा झाला.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच तिच्या बरोबरीने बसले. "मानलं. काल मी तुमची थट्टा केली, ती मागे घेतो."

"मी म्हटलं होतं, तो बोलेल."

"आता हीच सूट कायम करा. शहरभर."

तिने कळ दाबली. हुकूम तारांतून खांबाखांबावर गेला, पेट्या जाग्या झाल्या आणि पडद्यावर गल्लीमागून गल्ली उमटू लागली. जुन्या वस्तीत तांबडं, नदीपलीकडे तांबडं, टेकडीच्या पायथ्याला तर हिरवं शोधावं लागत होतं.

"एवढे चोर," साहेब हळूच म्हणाले, "आणि आपण झोपलो होतो." त्यांनी फोन उचलला. थोड्याच वेळात भरारी पथकाच्या गाड्या एकामागून एक फाटकाबाहेर पडल्या. ती खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली. बाळ्याला फोन करायचा होता.

दारात काका पिशवी घेऊन उभे होते.

"या काका, तुमचं काम झालं," साहेब म्हणाले. "आता त्या कोपऱ्यातल्या घरचा आकडा काढून टाका."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा चढवला.

"आता कसा काढणार, साहेब? दोनदा वाचून टाकलाय, बरोबरच आहे तो. बिलसुद्धा तिथल्या तिथे छापून बाईंच्या हातात दिलं."